अनुभव शून्य आहे, नागपुरात पहिली नोकरी कशी मिळवायची?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं, चार मुलाखती दिल्या आणि चारही ठिकाणी 'अनुभव किती?' इथेच गाडी अडली. शेवटी एक ओळ टाकलीये: 'दुकानात वगैरे नको, कंपनीतच हवं.' त्या एका ओळीसाठी लिहायला बसलो. माझ्या मामाचं वाक्य आहे ते.

मामा सरकारी खात्यात. २०१७ ला माझा निकाल लागला तसा त्याने हुकूम काढला, तीन वर्षं घरी बसून परीक्षा दे. मी बसलो नाही. सीताबर्डीवरच्या एका प्लेसमेंटवाल्याकडे १,५०० रुपये भरून नाव नोंदवलं. त्याने तीन ठिकाणी पाठवलं, तिन्हीकडे क्रेडिट कार्ड विकायचं काम निघालं. पैसे बुडाले. नोकरीसाठी कोणी आधी पैसे मागितले की उठून यायचं, एवढं त्यातून शिकलो.

जुलैत आईने इतवारीच्या ठोक बाजारात, मस्कासाथला पाठवलं. ती पापडाच्या ऑर्डरी घ्यायची, जिरं-पापडखार तिथल्या एका ठोक दुकानातून यायचं. १ जुलैलाच जीएसटी लागलेला. दुकानात गिऱ्हाईक कमी अन् कल्लाच जास्त. मुनीमजी तीस वर्षांचे मुरलेले, पण त्या आठवड्यात अख्ख्या इतवारीत जीएसटीचा अनुभव कोणालाच नव्हता. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने दर लिहिले होते, खोडून खोडून कागद भोकावर आलेला. भांडण चाललं होतं खोबरेल तेलावर. खाद्यतेल धरलं तर ५ टक्के, केसांचं तेल धरलं तर १८. मुनीमजींनी सरसकट १८ लावलेले आणि कामठीचा दुकानदार ऐकायला तयार नाही. मी काउंटरवरच्या दोन बाटल्या उचलून पाहिल्या. एकीवर हिरवा ठिपका, खाद्य परवान्याचा नंबर, केसांचं नावसुद्धा नाही. दुसरीवर मोठ्या अक्षरात 'केश तेल'. म्हटलं, ही ५ मध्ये, ती १८ मध्ये. (मुनीमजी काही वेडे नव्हते. लहान बाटलीतलं खोबरेल खायचं की लावायचं, हा वाद अबकारी कराच्या काळापासून सुप्रीम कोर्टात होता, निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला.)

शेठजींनी विचारलं, "टॅली आता है?"

"हाव."

"कल से आ जाओ."

पगार ७,००० रोख, सकाळी अकरा ते रात्री नऊ. पहिला महिना खारीक, बडीशेप, साबण, बिस्किटं असा सगळा माल जीएसटीच्या कोडासकट टॅलीत चढवण्यात गेला. रविवारी मामा घरी आला. "बी.कॉम. करून मुनीमगिरी करून राहिला का बे?" आई पोहे घेऊन तिथेच उभी होती. ती काहीच बोलली नाही, ते मला जास्त लागलं.

दीड वर्षाने बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सची मुलाखत होती. साहेबांनी विचारलं, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळलं नाही तर काय करता? मी व्याख्या सांगत बसलो नाही. आमचा एक मिरचीवाला पुरवठादार जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरतच नव्हता, म्हणून आमचं क्रेडिट जुळायचं नाही; त्याला रोज दुपारी फोन लावायचो, शेवटी शेठजींकडून त्याचं पेमेंट अडवून घेतलं तेव्हा दोन दिवसांत भरलं, हे सांगितलं. साहेब हसले. अनुभव दुकानातला की कंपनीतला, कोणी विचारलं नाही. मामा मात्र अजूनही लग्नाकार्यात माझी ओळख 'प्रायव्हेटमध्ये लागलाय' अशी करून देतो, आवाज जरा खाली घेऊन.

तर तुमच्या प्रश्नाचं. मिहान, हिंगणा अशा औद्योगिक भागांत, जिथे करायचे तिथे अर्ज करत राहा. महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव टाका. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० विद्यावेतन ठेवलं होतं, तसं काही चालू असेल तर सोडू नका. पण उत्तराची वाट पाहत घरी बसायचं नाही. इतवारी, गांधीबाग, वाडीची गोदामं, धरमपेठेतले सीए, यांना हात कमीच पडतात आणि ते जाहिरात देत नाहीत.

आता माझी चूक. रोख पगार घेतला, चिठ्ठी नाही, काही नाही. बुटीबोरीला कागद मागितला तेव्हा शेठजींच्या मागे लागून लेटरहेडवर तारखांसकट लिहून घ्यावं लागलं. तुम्ही पहिल्या महिन्यापासून पगार बँकेतच मागा. आणि हो, मी महालात घरी राहत होतो, सायकलने जायचो. खोलीभाडं भरून असल्या पगारात भागत नाही, तेव्हा बाहेरगावचे असाल तर माझं सगळंच लागू पडेल असं नाही. शिवाय जीएसटी काही दरवर्षी नवा लागत नाही, माझं नशीब होतं. तरी दर बदलत असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केसांचं तेलसुद्धा ५ मध्ये आलं, म्हणजे माझी ती हुशारी आता बाद.

जायचं तर १२ ते १५ तारखेच्या मध्ये जा, दुपारी तीनच्या सुमारास. ११ला विक्रीचं रिटर्न असतं आणि २०ला कर भरायचा असतो, त्याच्या तोंडावर गेलात तर मुनीमजी मान वर करून पाहणारसुद्धा नाहीत.