सरकारी निधीवर चालणाऱ्या लॅबमध्ये पीएचडीला जावं का?

तुम्ही लिहिलंय की बायोटेकमध्ये एम.एस्सी. झालंय, नेट (स्वतःची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) निघालेली नाही, पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट जेआरएफ, म्हणजे प्रोजेक्टच्या पैशातून दिली जाणारी फेलोशिप, मिळतेय, अमेरिकेचं काय असंही विचारलंय आणि घरचे विचारतायत, "पैसे दर महिन्याला येतील ना?"

दर महिन्याला येत नाहीत. एवढं घरी आजच सांगून टाका, नंतर सांगणं फार जड जातं.

२०२२ मध्ये मी पुण्यातच एका सरकारी संस्थेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होते. मधुमेहात जखम लवकर का भरत नाही, त्यात मॅक्रोफेज पेशींचं (जखम साफ करून भरायला मदत करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचं) काय बिघडतं, हा माझा विषय. त्यासाठी उंदरांना सोळा आठवडे हाय-फॅट खाद्य द्यावं लागतं. त्यातली ६० टक्के ऊर्जा चरबीतून येते. निळ्या, तेलकट गोळ्या असतात, थंडीत ठेवाव्या लागतात, नाहीतर खवट होतात. एक उंदीर दिवसाला तीनेक ग्रॅम खातो. माझे बारा उंदीर या खाद्यावर होते, बारा साध्या. म्हणजे आठवड्याला जेमतेम पाव किलो. एवढ्याशा गोष्टीवर सगळं अडलं होतं.

आधीच्या प्रयोगातलं अडीच किलो शिल्लक होतं. बाकीचं प्रोजेक्टसाठी सरकारकडून येणाऱ्या पुढच्या हप्त्यातून मागवायचं ठरलं होतं. १५ ऑगस्टला सुट्टी असूनही मी पहिली वजनं घेतली आणि खाद्य सुरू केलं. सप्टेंबर गेला, हप्ता आला नाही. पुरवठादाराचं जुनं बिल थकलेलं, तो उधारीवर कशाला देईल? दिवाळीत, बरोबर दहाव्या आठवड्यात, डबा रिकामा झाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ॲनिमल हाऊसमध्ये जाऊन मी तीन पिंजऱ्यांत साधं खाद्य टाकलं. उंदरांनी ते हुंगलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. पुढच्या काही आठवड्यांत त्यांची वजनं उतरली. एथिक्स कमिटीने चोवीस उंदीर मंजूर केले होते. चोवीसही सॅक्रिफाइस केले, म्हणजे मारले, आणि त्यांच्याकडून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, थकलेल्या फेलोशिपपेक्षा जास्त.

फेलोशिप थकलीच होती. एसआरएफला (पीएचडीच्या पुढच्या वर्षांतल्या फेलोला) तेव्हा महिन्याला ३५,००० मिळायचे. ऑगस्ट ते फेब्रुवारी, सात महिने एक रुपया नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेले, ते फलटणहून माझ्या खोलीचं भाडं पाठवत होते. मी एकोणतीस वर्षांची होते.

नोव्हेंबरमध्ये सरांकडे, म्हणजे माझ्या गाइडकडे, गेले. ते म्हणाले, "पैशाचाच विचार करायचा तर बँकेत नोकरी धर. संशोधन ही साधना आहे." आणि त्याच बोलण्यात निघालं की आदल्या वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, म्हणजे दिलेले पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला) आमच्याकडूनच उशिरा गेलं, म्हणून फाइल अडली आहे, आणि हे सरांना जुलैपासून ठाऊक होतं. जुलैपासून! मी खाद्य सुरू केलं ऑगस्टमध्ये.

तेव्हा मी मान खाली घालून बाहेर आले. आज सांगते: सर, मी पैशाचा विचार केला नाही म्हणूनच तो प्रयोग गेला. हप्ता डिसेंबरच्या आत येणार नाही असं कुणी एका वाक्यात सांगितलं असतं, तर मी उंदीर मागवलेच नसते. किती खाद्य उरलंय हे जसं लॅबच्या वहीत लिहितात, तसंच खात्यात किती उरलंय हेही लिहायला हवं. प्रयोगाच्या आखणीचाच तो भाग आहे. साधनेच्या नावाखाली तो झाकून ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं.

पैसे मार्चमध्ये एकदम आले. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, नाहीतर परत. परदेशी अँटिबॉडी यायला सहा-आठ आठवडे लागतात, तेव्हा ती घेता येईना. मग गावातल्या डीलरकडे जे तयार होतं ते घेतलं: टिप्स, ट्यूब, हातमोजे. त्याआधीच, १८ जुलै २०२२ पासून, संशोधन संस्थांच्या खरेदीवरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली होती आणि बऱ्याच वस्तूंवर १८ टक्के लागू झाले होते. मंजूर बजेट मात्र तेवढंच राहिलं.

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० झाली. चांगलं झालं. माझी तक्रार तारखेची आहे. देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, त्यामुळे एक फाइल अडली की मागे दुसरा आधार नसतो. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी जाहीर झाले. पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. जखमेतल्या मॅक्रोफेजवर कुठली कंपनी पैसे लावेल? मला तरी दिसत नाही.

अमेरिकेचं विचारलंत. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचने (तिथल्या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने) ग्रँटबरोबर संस्थांना इमारत, वीज, प्रशासनासाठी मिळणारा वरखर्च १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टाने ते अडवलं, पण त्या वर्षात चालू असलेले कितीतरी ग्रँट रद्द झाले. बॉस्टनला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणारी माझी मैत्रीण हल्ली मलाच विचारते, पुण्यात काही आहे का.

सरांबद्दल एक सांगायला हवं. ॲनिमल हाऊसमधल्या मदतनीसाचे दोन महिने त्यांनी स्वतःच्या पगारातून दिले होते, हे मला फार नंतर कळलं. माणूस वाईट नव्हता. सगळ्या लॅब अशा नसतात, हेही खरं.

तर तुमचं. नेट पुन्हा द्या. प्रोजेक्टची फेलोशिप प्रोजेक्टबरोबर संपते. नेटमधून मिळालेली स्वतःची असेल तर तीही कधी उशिरा येते, पण ती घेऊन लॅब बदलता येते. मुलाखतीला जाल तेव्हा विचारा की प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, मागच्या वर्षाचं यूसी गेलं का, हप्ता अडला तर संस्था आगाऊ देते का. मग तिथल्या सीनियरला बाहेर चहाला नेऊन हेच विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत, किंवा गाइडना प्रश्नाचा राग आला, तर तिथे जाऊ नका. मी आता ज्या गटात आहे तिथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिल्लक सगळ्यांसमोर वाचतात, आणि ती सोळा आठवड्यांना पुरणार नसेल तर आम्ही उंदीर मागवत नाही.