मुंबईत आईला (वय ६८, मधुमेह) फ्लूची लस फॅमिली डॉक्टरांकडेच द्यायची आहे. कधी द्यावी आणि दवाखान्यात काय काय विचारून घ्यावं?

मी उपनगरात जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून दवाखान्याच्या बाजूने सांगतो. अडुसष्ट वय आणि त्यात मधुमेह, तेव्हा द्यावी की नाही याचा विचार करत बसू नका, द्या. घोळ होतो तो दुसरीकडे: लस कुठल्या मोसमाची आहे आणि ती ठेवली कशी होती. किंमत सगळे विचारतात, हे दोन प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही.

आधी वेळ. मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जून ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, सहसा लहान. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे एप्रिलअखेर ते मे हा आपल्यासाठी योग्य काळ. नेटवर 'ऑक्टोबरमध्ये घ्या' असं वाचाल, ते अमेरिका-युरोपच्या थंडीचं गणित आहे. जुलै उजाडला तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, लाट अजून चालूच असते. संरक्षण काही महिन्यांत ओसरत जातं आणि विषाणूही बदलतो, म्हणून डोस दरवर्षी.

आता मोसम. जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. त्यानंतर उत्पादनाला सहाएक महिने जातात. भारत भूगोलाने उत्तरेत असला तरी मुंबईचा फ्लू पावसाबरोबर येतो, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यात ताजी असते ती दक्षिण गोलार्धाची लस. बॉक्सवर मोसम छापलेला असतो, 'एसएच' म्हणजे दक्षिण आणि 'एनएच' म्हणजे उत्तर, सोबत वर्ष. इथेच लोक फसतात. मे महिन्यात केमिस्टकडे आदल्या मोसमाचा माल पडून असतो, त्याची एक्स्पायरी उलटलेली नसते आणि तो बिनदिक्कत विकला जातो. कायद्याने त्यात काही चूक नाही, पण पैसे जुन्या विषाणूंचे जातात. एक्स्पायरीच्या आधी मोसमाची ओळ वाचा.

'चार विषाणूंची लस संपली, तीनवाली आहे' असं कोणी म्हणालं तर बिघडत नाही. चौथा विषाणू म्हणजे बी गटातला यामागाटा. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही आणि २०२३ पासून जागतिक संघटनाही तो वगळायला सांगते आहे.

फॅमिली डॉक्टर सहसा ही लस साठवून ठेवत नाहीत, मोसम संपला की उरलेला माल वाया जातो म्हणून. दोन-तीन दिवस आधी फोन करून सांगा, वितरकाकडून मागवून ठेवतील. किंमत ब्रँडप्रमाणे साधारण दीड ते दोन हजारांच्या घरात, टोचण्याची फी वेगळी असू शकते, तीही फोनवरच विचारा. केमिस्टकडून स्वतः आणायला सांगितलं तर आइसपॅक घालून मागा आणि थेट दवाखान्यात न्या. पर्समध्ये टाकून लोकलने दोन स्टेशनं फिरवू नका, घरच्या फ्रीजमध्ये 'उद्या जाऊ' म्हणून ठेवू नका.

लशीला २ ते ८ अंश सेल्सियस तापमान लागतं. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण फ्रीजमध्ये लस खराब होते ती बऱ्याचदा गोठून. फ्रीजरमध्ये, फ्रीजरच्या लगेच खालच्या जाळीवर किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवली की गोठते आणि निकामी होते. धनुर्वाताची लस गोठली होती का ते बाटली हलवून, गाळ कसा बसतो यावरून कळतं. फ्लूच्या लशीत अॅल्युमिनियमचं संयुग नसतं, त्यामुळे ही परीक्षा तिला लागू पडत नाही. गोठून पुन्हा वितळलेली सिरिंज चांगल्या सिरिंजसारखीच दिसते. म्हणून सगळी भिस्त फ्रीजवर. डॉक्टरांना सरळ विचारा, थर्मामीटर आहे का, तापमान दिवसातून दोनदा लिहिता का. लस मधल्या कप्प्यात हवी, दारात नको, शेजारी जेवणाचा डबा नको. खाली पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिसल्या तर नाक मुरडू नका, त्या मुद्दाम ठेवतात. पाणी तुंबून परिसराची वीज बंद केली की काही तास गारवा त्यांच्यावर टिकतो. अशा रात्रीनंतर मात्र दवाखान्यातली लस लगेच घेऊ नका, आधी तापमानाची नोंद बघायला मागा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

टोचायला नेताना आईंना उपाशी नेऊ नका, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे चालू द्या. बाही सैल हवी. हे क्षुल्लक वाटतं, पण घट्ट बाहीचा ब्लाउज वर सरकत नाही आणि मग सुई भलतीकडे जाते. खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात ती पडली पाहिजे. फार वर गेली तर खांद्याच्या सांध्याला सूज येऊन हात महिनोन्महिने दुखू शकतो. मोठ्यांचा डोस ०.५ मिली, एकदाच. (घरात नातवंड असेल तर: सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.)

आधी सांगायच्या गोष्टी: मागे कुठल्याही लशीची तीव्र अॅलर्जी, फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत गियान-बारे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झालेला असणं, रक्त पातळ करणारी गोळी. शेवटच्या कारणाने लस अडत नाही, फक्त बारीक सुई वापरून टोचल्या जागी दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. ताप असेल तर पुढे ढकला. नुसती सर्दी किंवा अंड्याचं वावडं आडवं येत नाही. न्यूमोनियाची लस राहिली असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते.

नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. तीव्र अॅलर्जी फारच क्वचित येते, पण आली तर पहिल्या काही मिनिटांत, आणि त्यावर औषध एकच, मांडीत अॅड्रेनलिन. अर्धा तास बसायचं म्हणजे तापाच्या पेशंटांच्या गर्दीत नको, म्हणून दवाखाना उघडताच पहिला नंबर मागा. सोमवार टाळा. कंपाउंडरशी बोलून ठेवलंत तर हे सहज जमतं.

आईंना जिने चढणं-उतरणं झेपत नसेल तर बरेच डॉक्टर घरी येऊन टोचतात. तेव्हा लस थर्मासमध्ये यावी आणि बर्फाला थेट टेकलेली नसावी. आइसपॅक हलवून आत पाणी डचमळतंय असं ऐकू आल्यावरच भरायचा असतो, नाहीतर वाटेत लस गोठते. डॉक्टरांच्या बॅगेत अॅड्रेनलिन आहे ना, हे विचारायला लाजू नका.

बिलावर बॅच नंबर लिहून घ्या, सिरिंजवरचा स्टिकर आईंच्या फाइलमध्ये चिकटवा आणि आतल्या पानावर तारीख टाका. सरकारच्या नेहमीच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळेल असं धरून जाऊ नका, आधी चौकशी करा.

दंड दुखणं, अंग कसकसणं, एक-दोन दिवस बारीक ताप हे होतं. पॅरासिटामॉल पुरे. 'लस घेतली आणि फ्लू झाला' ही तक्रार दरवर्षी येते. टोचतात ती लस मेलेल्या विषाणूची, तिच्याने फ्लू होत नाही. दोन आठवडे भरायच्या आत लागण झालेली असते किंवा दुसराच सर्दीचा विषाणू असतो. आणि लशीतले विषाणू त्या वर्षीच्या साथीशी जुळले तरी डॉक्टरकडे जावं लागण्याइतका आजार साधारण ४० ते ६० टक्केच टळतो, वयस्करांत त्याहून कमी. आईंसाठी फायदा मुख्यतः न्यूमोनिया आणि अॅडमिट व्हायची वेळ टळण्यात आहे.

म्हणून लस झाली तरी पावसाळ्यातला ताप अंगावर काढू देऊ नका. ताप, खोकला, अंगदुखी सुरू होताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण फ्लूवरचं औषध, ऑसेल्टामिवीर, पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. साखर दिवसातून दोन-तीनदा तपासा, तापात ती चढते. धाप, छातीत दुखणं, असंबद्ध बडबड किंवा गुंगी, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखान्याची वेळ बघू नका, सरळ हॉस्पिटल. खोकला नसलेला ताप असेल तर मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी आधी. आई तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्या असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टो (अशा पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन द्यायचं का ते तीन दिवसांच्या आत ठरवावं लागतं, आणि त्या आजारावर फ्लूच्या लशीचा काहीच उपयोग नाही.