आवडलेल्या बीच रिसॉर्टवर बारा वर्षांनी पुन्हा जावं का?

तुम्ही विचारलंय की हनिमूनला समुद्रकाठच्या ज्या रिसॉर्टवर राहिलात, तिथेच लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला परत जायचं मनात आहे, पण नवरा म्हणतो ‘नको, विरस होईल’. तर कोणी असं परत गेलंय का?

आम्ही गेलोय, आणि विरस झाला. पण तो का झाला हे कळायला मला घरी येऊन कालनिर्णय उघडावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॉटेलचं नाव सांगत नाही. दक्षिण गोव्यात कोलव्यापासून बाणावली, वार्का करत मोबोरपर्यंत वाळूचा जो सलग पट्टा आहे, त्यात कुठेतरी, एवढं पुरे. पहिल्यांदा गेलो २०११च्या दिवाळीत. भाऊबीज उरकली, रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी मडगावला उतरलो. खोली रात्रीला साडेपाच हजार, नाश्ता धरून. तेव्हा आमच्यासाठी ती चैनच होती. सासूबाईंना आकडा सांगितला नव्हता.

काय होतं तिथे? तसं फार काही नव्हतं. दोन मजली कौलारू इमारती, एक पोहण्याचा तलाव, तलावापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळूच्या टेकड्या. टेकड्यांवर मर्यादवेल पसरलेली, तिला जांभळी फुलं. आमची आजी म्हणायची, समुद्र मर्यादा सोडत नाही तो या वेलीमुळे. समुद्राचं माहीत नाही, पण वाळू ती खरंच धरून ठेवते. वेलीमधून लाकडी फळ्यांची वाट थेट पाण्याकडे जायची. शॅकवाल्यांचे बांबू नुकते उभे राहत होते, किनाऱ्यावर फारसं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली होती. होडीतून समुद्रात जाळ्याचं मोठं अर्धवर्तुळ टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसं ओढत आणतात. आमच्या ह्यांना उत्साह आला, गेले ओढायला. अर्ध्या तासात तळहाताला फोड. पण त्या लोकांनी जाताना चार बांगडे हातात दिले. आता हे घेऊन खोलीत जायचं कसं? नाश्त्याला ऑम्लेट करणारा एक पोरगा होता, तो म्हणाला, द्या इकडे. दुपारी बाराला तेच बांगडे रेशाद मसाला भरून, तळून, केळीच्या पानावर आमच्या टेबलावर. बिलात एक पैसा लावला नाही. लेक तेव्हा पाचवीत होती, तिने काटे काढायला तिथे शिकून घेतलं. पुढची बारा वर्षं आमच्या घरात ‘गोवा’ म्हणजे हे हॉटेल, आणि हे हॉटेल म्हणजे ते बांगडे.

म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, दुसरं काही शोधलंच नाही. लेकीने बुकिंग केलं. चौदा हजार रात्रीचे, साडेसात हजारांच्या वरची खोली म्हणून त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२०, तीन रात्री. यावेळी वंदे भारतने गेलो, दुपारी एकच्या सुमारास मडगाव. गाडी छान. इथपर्यंत सगळं छान.

रिसेप्शनवर मनगटाला निळा कागदी पट्टा बांधला. आमच्या पुढे जे पंधरा-वीस जण उभे होते त्यांना पिवळा, आणि शहाळंही. आम्हाला शहाळं नाही. मला वाटलं संपली असतील. पिवळा म्हणजे लग्नाचं वऱ्हाड आणि निळा म्हणजे उरलेले, हे संध्याकाळी तलावाशी गेल्यावर कळलं. तलाव हळदीसाठी बंद होता. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा थर, कडेला फुलांचा झोपाळा. सुरक्षारक्षक बिचारा ओशाळून म्हणाला, ‘मॅडम, उद्या अकरानंतर या.’ दुसऱ्या दिवशी अकरानंतर तिथे पाकळ्या गाळायचं काम चालू होतं.

फळ्यांची वाट शोधली. तिथे आता हिरवळ होती, पार सुरूच्या झाडांपर्यंत, आणि तिच्यापुढे जिथे टेकडी होती तिथे सपाट वाळूवर लोखंडी सांगाड्याचा मंडप. मर्यादवेल एका कोपऱ्यात, कुंपणाला लागून, जेमतेम चटईएवढी. किनारा नियमनाच्या नियमांत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात येतात, हे मी नंतर वाचलं. त्या टेकडीचं काय झालं ते विचारलं तर तिथल्या कोणालाच तिथे टेकडी होती हे माहीत नव्हतं.

खोली ‘नूतनीकरण केलेली’ होती. म्हणजे भिंतीला नवा रंग, पलंगामागे दिव्यांची पट्टी, टबाच्या जागी काचेचा शॉवर. पण रंगाखालून ओलीचा वास येत होता. बाल्कनीचं सरकतं दार जुनंच, फक्त पांढरं रंगवलेलं. त्याच्या स्क्रूंमधून गंज ओघळून रंगावर तपकिरी रेघा उतरल्या होत्या. दार पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची. आमच्याकडे दादरला चौपाटीजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीच्या खिडक्या अशाच आहेत, खाऱ्या वाऱ्याला कोण काय करणार. पण मावशी चौदा हजार घेत नाही.

रात्री दहाला लॉनवरचं गाणं बंद झालं, अगदी ठोक्याला. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. मी हुश्श केलं. सव्वादहाला तेच गाणं आतल्या हॉलमध्ये सुरू झालं. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता ठोका, आणि प्रत्येक ठोक्याला आमच्या दाराची सैल काच ‘झ्झूं’ करायची. यांनी उशी डोक्यावर घेतली. मी उठले, दाराच्या मुठीला अडकवलेलं ‘डू नॉट डिस्टर्ब’चं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, चार घड्या केल्या आणि काच आणि चौकटीच्या मध्ये खुपसलं. काच गप्प झाली. त्या कार्डाचा मला झालेला एवढाच उपयोग, कारण सकाळी साडेआठला हाउसकीपिंगवाल्याने बेल वाजवलीच.

नाश्त्याला मुख्य रेस्टॉरंट पिवळ्या पट्ट्यांसाठी. आम्हा निळ्यांना तळघरातल्या कॉन्फरन्स हॉलमध्ये. पोहे, पास्ता, पराठे, चाट, सगळं होतं. पाव नव्हता! गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, फिरत असतो, गेटबाहेरून त्याचा आवाज मी ऐकला होता, आणि आत पॅकेटातला ब्रेड. सोलकढी एकदा जेवणात दिसली, तीही सरबतासारखी गुलाबी आणि गोडसर. हिला मी सोलकढी म्हणणार नाही.

तक्रार केली. फ्रंट ऑफिसचा मुलगा चांगला होता, त्याने सरळ सांगितलं: ‘मॅम, या वीकेंडला जवळजवळ बायआउट आहे.’ बायआउट म्हणजे एकाच पार्टीने अख्खं हॉटेल घेणं. उरलेल्या आठ-दहा खोल्या वेबसाइटवर विकल्या जातात, त्यांतली एक आमची. मी घरी बसून हिशेब केला तेव्हा मला हॉटेलवाल्याचा रागसुद्धा नीट धरता येईना. एक लग्न म्हणजे ऐंशी-शंभर खोल्या, तीन रात्री, वर पाच-सहा जेवणं, लॉन, सजावट, बार. आणि आम्ही दोघं? नाश्ता फुकट, दुपारी बाहेर शॅकवर, रात्री एक सूप. मी त्या जागी असते तर मीही शहाळं पिवळ्या पट्ट्यालाच दिलं असतं. फक्त बुकिंग करतानाच हे सांगितलं असतं. ते न सांगणं मला अजून खुपतं. शेवटी त्यांनी मागच्या बाजूची, पार्किंगकडची खोली दिली आणि एका रात्रीचं जेवण माफ केलं. शेवटची रात्र झोप लागली.

बाहेर शॅकवर मात्र बरं गेलं. शॅकवाल्या आंटीला मी त्या ऑम्लेटवाल्या पोराबद्दल विचारलं. तिला नेमका तोच आठवला की दुसरा कोणी, देव जाणे, पण म्हणाली, ‘तो तारवार गेलो.’ म्हणजे बोटीवर, क्रूझवर नोकरीला. हॉटेल मधे एकदा दुसऱ्या कंपनीकडे चालवायला गेलं, तेव्हा जुनी माणसं पांगली म्हणे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पाटी तीच, जागा तीच, पण चालवणारे बदललेले असू शकतात, आणि आपल्याला जे आवडलेलं असतं ते बहुतेक वेळा माणसांचं असतं.

आता कालनिर्णयची गोष्ट. परत आल्यावर सहज म्हणून २०११च्या आमच्या तारखा काढल्या. भाऊबीज झालेली, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे आम्ही गेलो होतो चातुर्मासात! लग्न असणारच कुठून? हॉटेल शांत आहे, कर्मचाऱ्यांना बांगडे तळायला वेळ आहे, याचं सगळं श्रेय आम्ही बारा वर्षं हॉटेलला देत होतो. निम्मं तरी पंचांगाचं होतं.

तेव्हा तुम्ही जायचंच ठरवलंत तर आधी तारखा बघा. पाऊस संपल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस उत्तम. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, तेव्हा लग्नं नसतात, पण नाताळ-थर्टीफर्स्टचे भाव डोळे पांढरे करतात. त्यामुळे जानेवारीचा दुसरा आठवडा पकडा. पौषात आपल्याकडे लग्नं करत नाहीत, पण म्हणून आपला पौष संपेपर्यंत निवांत आहे असं समजू नका. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यांचा माघ आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, आणि गोव्यात येणारी बरीच वऱ्हाडं तिकडचीच. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सूर्य मीनेत असतो, तेव्हाही तिकडे लग्नं करत नाहीत, पण उकाडा असतो. कंपन्यांच्या कॉन्फरन्सना मात्र कसलाच मुहूर्त लागत नाही, म्हणून हॉटेलला ईमेल करून सरळ विचारा: या तारखांना लग्न किंवा ग्रुप आहे का, असेल तर किती खोल्या, तलाव बंद राहणार का. उत्तर लेखी घ्या. फोनवर सगळेच ‘नो इश्यू मॅम’ म्हणतात. आणि लॉनपासून लांबची खोली मागा, समोर समुद्र नसला तरी चालेल.

नुसती शांतताच हवी असेल तर काणकोणात आगोंद किंवा गालजीबागला जा. तिथे कासवं अंडी घालायला येतात. पण तुम्हाला तीच जागा हवी आहे ना, ते मला कळतं. आम्हालाही तीच हवी होती.

तुमच्या तारखा इथे लिहा, मी कालनिर्णय बघून सांगते.