तुमचे सवाल: जावयाने सासऱ्यांच्या सरकारला धारेवर धरलं तेव्हा

प्रश्न (सांगली, निवृत्त विमा एजंट): नमस्कार भाऊ. नातवाशी वाद झाला. तो म्हणतो सगळीच सरकारं पहिल्यापासून खोटं बोलत आलीत, तुम्ही म्हातारे उगाच जुन्या काळाचे गोडवे गाता. मी म्हटलं अरे तेव्हा सत्ताधारी पक्षाचाच खासदार उभा राहून आपल्याच मंत्र्याला घरी पाठवायचा. तर म्हणतो नाव सांगा. मला मुंदडा प्रकरण एवढंच आठवलं, पुढे गाडी अडकली. जरा नीट सांगाल का?

उत्तर: काका, नातू अर्धा बरोबर आहे आणि तुम्ही अर्धे, म्हणजे भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

नाव फिरोज गांधी. रायबरेलीचे काँग्रेसचे खासदार, आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात, हा ग्रह नेहरूंच्या सरकारला बरोब्बर लागला. पण तो मानपानासाठी रुसून बसणारा जावई नव्हता, फाईल वाचून सभागृहात येणारा होता. आधी १९५५ मध्ये त्यांनी उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीतल्या पैशांचा घोळ लोकसभेत मांडला होता, आणि खाजगी आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात हे वातावरण तयार व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. जानेवारी १९५६ मध्ये तो निर्णय जाहीर केला आपल्या चिंतामणराव देशमुखांनी, ते तेव्हा अर्थमंत्री होते. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली, तुमची भाकरी जिथून आली ती.

आणि वर्ष पण झालं नाही तोवर, जून १९५७ मध्ये, या नव्या कोऱ्या एलआयसीने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर घेतले. मुंदडा तेव्हा पैशाच्या अडचणीत गळ्यापर्यंत बुडालेला, काही शेअर तर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतलेले, आणि एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती तिला आधी विचारलंसुद्धा नाही. एलआयसीचं बोधवाक्य योगक्षेमं वहाम्यहम्, म्हणजे तुमचा योगक्षेम मी वाहतो, पण वाहिला कुणाचा बघा.

आता नातवाला सांगायचा मुद्दा इथे आहे. सरकारचं खोटं बहुतेक वेळा ठळक खोटं नसतंच, ते अर्धं उत्तर असतं. मंत्री सभागृहात जेवढं विचारलं तेवढंच सांगतो, जे विचारलं नाही ते गिळतो, आणि कागदावर एक शब्द खोटा सापडत नाही. तुम्ही विमा विकलाय, तुम्हाला काय सांगायचं, पॉलिसीची बारीक अक्षरं वाचून न दाखवणं म्हणजे काय ते. याला औषध म्हणजे पुरवणी प्रश्न, मंत्र्याच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेला पुढचा प्रश्न. या व्यवहारावर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आले तेव्हा पहिली उत्तरं अशीच गोलगोल होती, पण फिरोज गांधी खाली बसले नाहीत. १६ डिसेंबरला चर्चा घडवून आणली आणि आकडेवारीसकट सगळं मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ही संस्था संसदेने जन्माला घातली, हा पैसा लोकांचा, तेव्हा नजर संसदेनेच ठेवायची, आणि एवढं दिसत असताना गप्प बसणं हाच गुन्हा. समोर मंत्री स्वपक्षाचा आणि त्याच्या बाजूला सासरे. (घरी जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल याचा विचार मी बऱ्याचदा केलाय.)

चौकशी आली न्यायमूर्ती छागलांकडे, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. एकट्याचा आयोग, आणि चौकशी बंद दाराआड नाही तर मुंबईत सगळ्यांसमोर, इतकी गर्दी की बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून लाऊडस्पीकर लावावे लागले. काही आठवड्यांत अहवाल तयार! आता आयोगाची मुदतवाढ मोजायला बोटं पुरत नाहीत. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी म्हणत होते की हे सचिवाने केलं, मला माहीत नव्हतं. छागलांनी ते ऐकलं नाही, खात्याने केलं म्हणजे मंत्र्याने केलं, जबाबदारी त्याचीच. आणि अजून एक गोष्ट लिहिली जी मला राजीनाम्यापेक्षा मोठी वाटते, की मंत्र्याने संसदेला सुरुवातीलाच विश्वासात घेऊन सगळी माहिती पुढे ठेवायला हवी, नंतर ती दुसरीकडून बाहेर आली की जास्त नाचक्की होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

प्रश्न (त्याच पत्राखाली नातवाने वेगळ्या पेनाने लिहिलेलं): पण मग फरक काय पडला? ते परत मंत्री झाले ना?

उत्तर: झाले रे बाबा. १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परत, १९६३ मध्ये तर पुन्हा अर्थमंत्रीच. लपवत नाही. आणि तुझ्या बाजूचा अजून एक पुरावा मीच देतो. संसदेत काय बोललं गेलं ते पेपरने जसंच्या तसं छापलं तर पेपरवर खटला होऊ नये म्हणून फिरोज गांधींनी खाजगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणून १९५६ मध्ये कायदा करून घेतला होता. ते १९६० मध्ये वारले, वय अवघं ४७. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, आणि तेव्हा पंतप्रधान कोण होत्या तर त्यांच्याच पत्नी. १९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला, पुढच्या वर्षी ४४ व्या दुरुस्तीने तसं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं.

आता तू म्हणशील हल्ली खासदार पक्षाविरुद्ध बोलूच शकत नाही, १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. हे मला मान्य नाही. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, लागतो मतदानाला. स्वतःच्या मंत्र्याला अवघड पुरवणी प्रश्न विचारला म्हणून त्या कायद्याने खासदारकी जात नाही. तिकीट जातं, ते वेगळं. त्यामुळे कायद्याच्या नावाने गळा काढणारे खासदार मला जरा सोयीचे वाटतात. २०२० च्या सप्टेंबरमधल्या अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, लेखी उत्तरं तेवढी मिळत होती, म्हणजे पुरवणी प्रश्न गायब. तेव्हा सत्ताधारी बाकावरचे किती जण बोलले ते तूच शोध.

प्रश्न (नगर जिल्हा, एक वाचक): आम्ही काही खासदार नाही. आमच्या गावच्या रस्त्याचं बिल निघालं, रस्ता दिसत नाही. आम्ही काय विचारायचं?

उत्तर: माहिती अधिकार, तुमच्याच जिल्ह्यातून त्या चळवळीने जोर धरला. अर्जाचा नमुना जोडपत्र अ, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून भाषण लिहू नका. "रस्ता का झाला नाही" असं विचारूच नका, "का" विचारलं की उत्तर येतं "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही". मागायचं काय तर अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मोजमापं लिहितात ती वही) त्या पानांची झेरॉक्स आणि बिल अदा केल्याची तारीख. मला एका कार्यालयाने, नाव नको, तिसाव्या दिवशी "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" असं एक ओळीचं पत्र पाठवलं होतं, आणि पत्राच्या वर छापलेला विभाग तोच, ज्याची माहिती मी मागितली होती. मग जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांच्या आत प्रथम अपील. मोजमाप पुस्तिकेची पानं आली. त्यात मोजमापाची तारीख रविवारची होती.