'तेलात पाणी देणे' बरोबर आहे का?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने ठासणीच्या बंदुकीच्या गारेच्या चापाचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या 'फ्लिंटलॉक'चं, सुटं किट आणलं आहे. सोबतच्या माहितीपत्रकात कमान (स्प्रिंग) आणि चकमकीची पट्टी (जिच्यावर गार आपटून ठिणगी पडते ती) आधी 'हार्डन' करा, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कडक करा, आणि मग 'टेंपर' करा, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवा, असं लिहिलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. मराठीतलं 'पाणी देणे' म्हणजे यातलं नेमकं कोणतं? गावाकडचा लोहार 'कमानीला तेलात पाणी दे' म्हणाला, ते कसं? आणि 'पाजवणे' हा त्याचाच पर्याय का?

लोहार बरोबर बोलला. 'पाणी देणे' यातलं पाणी म्हणजे कुंडीतलं पाणी नव्हे, पात्यात येणारा कस. मोती पाणीदार असतो, डोळे पाणीदार असतात, माणसाचं पाणी जोखतात. तलवारीचं पाणी त्याच घरातलं. फारसीतही तसंच आहे. 'आब' म्हणजे पाणी, आणि आब म्हणजे चकाकी व पात्याचा कसही. 'आबदार' आणि 'आब राखणे' मराठीत आले ते तिथूनच. त्यामुळे पाणी तेलात देता येतं, मिठाच्या पाण्यातही देता येतं, आणि साध्या पाण्यात बुडवूनही एखाद्या लोखंडाला पाणी येतच नाही.

आपल्याकडे हा प्रयोग किती जुना, ते सुश्रुतसंहितेत दिसतं. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांबद्दल म्हटलं आहे : 'तेषां पायना त्रिविधा क्षारोदकतैलेषु'. पायना म्हणजे पाजणे. ती तीन प्रकारची : क्षारात, पाण्यात आणि तेलात. बाण, शल्य आणि हाड कापायच्या शस्त्राला क्षार, मांस कापायच्या शस्त्राला पाणी, आणि शिरेचा वेध घेणाऱ्या किंवा स्नायू कापणाऱ्या शस्त्राला तेल. म्हणजे तेलात 'पाजणे' ही भाषा तेव्हाही कुणाला खटकली नव्हती.

ही वाटणी धातुशास्त्राशीही जुळते. तापलेलं पोलाद साध्या पाण्यात गेलं की भोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि उष्णता काही क्षण अडून राहते. क्षाराच्या किंवा मिठाच्या पाण्यात ते आवरण लगेच फुटतं, म्हणून पोलाद सर्वांत झपाट्याने थंड होतं आणि जास्तीत जास्त कडक होतं. तेल सर्वांत सावकाश. पातळ, नाजूक वस्तू पाण्यात वाकते किंवा तडकते, तेलात निभावते. ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता तेलातच का बुडवायचा, याचं उत्तरही यातच आहे. त्या पोलादात सिलिकॉन-मँगेनीज किंवा क्रोमियम मिसळलेलं असतं, ते तेलाच्या संथ गतीनेही पुरेसं कडक होतं. पाण्यात घातलं तर पाठीपासून धारेपर्यंत चीर जाऊ शकते. याउलट जुन्या कानशीचं साधं, भरपूर कार्बनचं पोलाद पाणी मागतं. आणि बांधकामाची साधी माइल्ड स्टीलची सळई घेतली तर तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर. ती कशातही बुडवा, धार टिकेल इतकं पाणी धरत नाही.

आता पहिला प्रश्न : हार्डन की टेंपर? दोन्ही. लोहाराच्या हातात या दोन वेगळ्या पायऱ्या नसतात, म्हणून मराठीत त्यांना दोन शब्द पडले नाहीत, असं माझं मत आहे. छिन्नीला पाणी देताना पाहा. टोकाकडचा पाच-सहा सेंटिमीटर भाग लाल करतात आणि त्यातलं टोक फक्त दोन-अडीच सेंटिमीटर पाण्यात धरतात. धरताना छिन्नी खालीवर हलती ठेवतात, कारण पाण्याची रेघ एकाच जागी राहिली तर नेमकी त्या रेघेवर ती मोडते. टोक विझलं की बाहेर काढून एमरीच्या तुकड्याने चटकन घासून पांढरं करतात. मागचा भाग अजून तापलेला असतो. त्याची उष्णता पुढे सरकते तसे त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग धावू लागतात : आधी फिकट पिवळा, साधारण 220 अंश सेल्सिअसला, मग गडद पिवळा 240 ला, तपकिरी 260 ला, जांभळा 280 ला आणि निळा 300 च्या सुमाराला. टोकाशी जांभळा पोचला की संपूर्ण छिन्नी पाण्यात. सुताराची पटाशी असेल तर गडद पिवळ्यालाच थांबायचं. पहिली बुडी हे हार्डनिंग आणि रंगांची ही धाव हे टेंपरिंग. दोन्ही एकाच तावात, म्हणजे एकदाच तापवून, होतात आणि दोन्हीला मिळून नाव एकच, पाणी देणे.

कमान मात्र अशी एका तावात होत नाही, तिथे पायऱ्या सुट्या कराव्याच लागतात. म्हणून पहिल्या पायरीला 'पाणी देणे' आणि दुसरीला सरळ 'टेंपर करणे' म्हणा. टेंपर हा शब्द आता आयटीआयपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे रुळला आहे. त्याच्यासाठी मुद्दाम संस्कृत शब्द घडवून काही साधत नाही.

कमानीचं पोलाद बहुधा 1075 किंवा 1095 क्रमांकाचं, म्हणजे साधं पण भरपूर कार्बनचं, असतं. ती सावलीत तापवा. उन्हात लालीचा अंदाज हमखास चुकतो आणि ताव जास्त होतो. लोहचुंबक चिकटेनासं होतं ते सुमारे 770 अंशांना. त्याहून थोडं वर, 800 च्या आसपास, सगळीकडे सारखी लाली आली की 50-60 अंश कोमट तेलात कडेवर उभी सोडा. आडवी पडली तर वाकते. मग कानस फिरवून पाहा : घसरली तर पाणी बसलं, चावली तर ताव कमी पडला. या अवस्थेतली कमान काचेसारखी ठिसूळ असते. ती दाबून पाहू नका आणि रात्रभर तशीच ठेवू नका. अंतर्गत ताणानेच ती तडकू शकते. घासून पांढरी करा आणि निळा रंग ओलांडेपर्यंत सारखी तापवा. घरचा ओव्हन तिथवर पोचत नाही. म्हणून पत्र्याच्या तव्यात वाळू तापवतात, किंवा कमानीवर तेल घालून ते पूर्ण जळेपर्यंत उष्णता देतात. हे काम उघड्यावर आणि हातमोजे घालूनच करा. तपकिरीवर सोडलेली कमान घोडा (गार धरणारा हातोडा) चढवताना मोडेल. निळ्याच्या फार पुढे, करड्या रंगापर्यंत जाऊ दिलेली मोडणार नाही, पण बसेल, आणि घोडा गारेवर जोराने पडणार नाही.

चकमकीच्या पट्टीचं गणित उलट. ठिणगी म्हणजे गारेने खरवडलेला पोलादाचाच बारीक, पेटलेला कीस. पट्टी मऊ असेल तर गार तिच्यावर नुसते ओरखडे काढते आणि पेल्यातली रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) पेटत नाही. म्हणून पट्टीचा चेहरा कडक ठेवून टेंपर फिकट पिवळ्यापाशीच थांबवतात. खालची शेपटी, जी छोट्या कमानीवर घासते, तेवढीच निळ्यापर्यंत उतरवतात, नाहीतर ती तुटते. पट्टी मुळात कमी कार्बनची निघाली तर तिला पाणी धरायला आधी कार्बन द्यावा लागतो : लोखंडी डबीत कोळशाच्या भुकटीत पुरून, डबी मातीने लिंपून, 900 अंशांच्या आसपास काही तास. कार्बन एक मिलिमीटरही आत जात नाही, पण ठिणगीला तेवढा पुरतो. पुढे ती वारंवार घासून साफ केली तर हा थर संपतो आणि ठिणग्या बंद पडतात.

(भारतातल्या वाचकांसाठी : 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. कोकणात शेतीसंरक्षणासाठी त्या असतात, त्याही परवान्यावरच. छिन्नी, पटाशी आणि कोयत्यावर मात्र यातलं सगळं खुशाल करून पाहा.)

राहिलं 'पाजवणे'. रूप 'पाजणे'शी जुळणारं असलं तरी आजच्या मराठीत विळा पाजवणे म्हणजे त्याला धार लावणे. धार महिन्यातून चार वेळा लावता येते, पाणी एकदाच दिलेलं असतं. दोन्हींचा संबंध येतो तो ग्राइंडरवर. पातं दगडावर दाबून धरलं आणि कडेला निळी झाक आली, की तिथलं पाणी उतरलं. पुन्हा कितीही पाजवलं तरी तेवढी जागा दोन ओंड्यांत बोथट होणार. निळा भाग हाताने, थंड सहाणेवर घासून काढा. तो फार आत गेला असेल तर पातं मऊ करून पुन्हा पाणी द्यायला लागेल.