रिपोर्ट नॉर्मल, वजन जास्त

प्रश्न : वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ९२ किलो. उपाशीपोटी साखर ९२, रक्तदाब १२२/७८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १३०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४. गोळी एकही नाही. मग वजन कशासाठी उतरवायचं?

उत्तर : तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) ३१.८ येतो. भारतीयांमध्ये २५पासूनच लठ्ठपणा धरतात. रिपोर्ट चांगलेच आहेत, पण ते आजचे. अमेरिकेतल्या नर्सेसच्या दीर्घ अभ्यासात अशा ‘निरोगी’ लठ्ठ स्त्रियांपैकी बहुतेकींना २० वर्षांत मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी जडलंच. ब्रिटनमध्ये ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या (२०१७), तेव्हा यातलं काहीही नसलेल्या लठ्ठ लोकांतही हार्ट फेल्युअरचा (हृदयाला पुरेसं रक्त ढकलता न येण्याचा) धोका योग्य वजनाच्या निरोगी माणसांपेक्षा जवळजवळ दुप्पट निघाला.

याचं कारण साखरेत नाही, भारात आहे. शरीर वाढलं की रक्तही वाढतं. हृदयाला ते जास्तीचं रक्त दर मिनिटाला ढकलावं लागतं आणि डाव्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड होते. गुडघ्याचा हिशेबही तसाच : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, हे कुठेच दिसत नाही.

आता कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडून. पँटचा नंबर सांगू नका. पट्टा बहुतेकांच्या पोटाखाली असतो! पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपुढे धोका. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिव्हर एन्झाइम्स तपासून घ्या. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा दिवसा पेंग येणं असेल, तर स्लीप स्टडीबद्दल (झोपेतली तपासणी) डॉक्टरांना विचारा.

सहा महिन्यांत ५-६ किलो पुरेत. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगानं उतरवलंत, तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. नुसतं जेवण तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडं हवं, आणि आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम.

प्रश्न : माझा बीएमआय २१ आहे, पण पोट सुटलंय. चालेल?

उत्तर : नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हेच दाखवत आले आहेत : भारतीय माणूस बारीक दिसतो, पण चरबी पोटात साठवतो. कंबर मोजा आणि वरच्या तपासण्या तुम्हीही करून घ्या.