कृत्रिम बुद्धिमत्ता नैतिक प्रश्नांवर विचार कसा करते? तिचा निवाडा मानावा का?

मानू नये. भावाबहिणींच्या वाटणीत तर मुळीच मानू नये, कारण ही यंत्रे विचारणाऱ्याच्या बाजूला झुकतात आणि ते मी घरातच पाहिले आहे.

रावेर तालुक्यात आमची केळीखालची वडिलोपार्जित जमीन आहे. वडील गेल्यावर थोरल्या भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला आणि मी नकार देताच मोबाइलवरच्या चॅटबॉटचे उत्तर वाचून दाखवले. त्याने विचारले होते, ‘बहिणीच्या लग्नाचा खर्च केला, आईला मी सांभाळतो, वादळात आडवी झालेली बाग कर्ज काढून मीच उभी केली, मग बहिणीने हक्क सोडणे योग्य नाही का?’ तुमचे कष्ट पाहता ही अपेक्षा रास्त आहे, असे उत्तर आले होते. मी म्हटले, ‘दादा, आता माझ्या बाजूने विचार.’ वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री मी काढल्या आणि आता माझ्याकडे सही मागितली जात आहे, एवढे त्याच्याच मोबाइलवर लिहिले. सहीसाठी दबाव आणणे अन्यायाचे आहे, असे तेच यंत्र तितक्याच ठामपणे म्हणाले.

असे घडण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. चॅटबॉटमागची संगणकप्रणाली, म्हणजे मॉडेल, प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकते. मग माणसे त्याची उत्तरे पसंत-नापसंत करतात आणि त्या पसंतीनुसार त्याला वळण लावले जाते. माणसाला आपली बाजू घेणारे उत्तर आवडते, म्हणून यंत्रही तेच शिकते. अमेरिकेतील ‘ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय’ या संशोधन संस्थेने २०२१ साली ‘डेल्फाय’ ही प्रणाली माणसांच्या सुमारे १७ लाख नैतिक निवाड्यांवर शिकवली होती. तरीही प्रश्नाची शब्दरचना बदलली की कधीकधी तिचा निवाडा फिरत असे.

अर्थात, काही कंपन्या मॉडेलला लिखित तत्त्वे देऊन स्वतःचे उत्तर तपासायला शिकवतात, आणि दोन्ही बाजू एकाच प्रश्नात प्रामाणिकपणे मांडल्या तर उत्तर बरेच समतोल येते. दादाने मात्र माझी बाजू लिहिलीच नव्हती. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. लग्नात खर्च झाला म्हणून तो संपत नाही. आईला सांभाळण्याचा खर्च वाटून घ्यायला मी तेव्हाही तयार होते, आजही आहे; पण वारस नोंदीत लागलेले माझे नाव मी काढणार नाही.